एकशे सात गोटे

मी लिमाहून आराखडा घेऊन आलो होतो,
चौकटी आखलेला, आकडे घातलेला:
वर बर्फाचे डोंगर, खाली नदी,
मधे मुठी आवळलेली माणसं.
आरोग्य केंद्राची भिंत, लांबी बावीस पावलं.
निळ्या रंगाचे सहा डबे
माझ्याआधीच खेचरावरून पोचले होते.

पोरांना म्हटलं, नदीपासून सुरू करू.
त्यांनी निळ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.
पिवळ्यात लाल कालवला, बोटांनीच,
आणि माझ्या कागदावर काढली नदी
गंजलेल्या पत्र्यासारखी.
विल्बर, वय सात, मला समजावू लागला,
निळं असतं ते आकाश.
नदी खाली असते. नदी अशी असते.

मी वळून पाहिलं.
खरंच तशी होती.
खाणीच्या पोटाखालून निघून
काठचा दगडन्‌दगड गंजवत चाललेली,
आणि पुलापाशी कंपनीची पाटी:
पाणी म्हणजे जीवन.

सातुर्निना कोंदोरी दारात लोकर कातत होती.
ती म्हणाली, निळी पण नव्हती.
मग हिरवी?
नाही.
मग कशी?
चाती थांबली. केचुआत काहीतरी लांबलचक बोलली,
नातीला ते स्पॅनिशमध्ये बसवता येईना.
शेवटी म्हणाली,
आजी म्हणते, नदी दिसायचीच नाही.
दिसायचे ते गोटे.

न दिसणारं पाणी कसं रंगवायचं
हे मला पाच वर्षांत कुठल्याच मास्तरांनी
शिकवलं नव्हतं.

रात्री बैठक बसली. भांडण झालं.
खाणीत ड्रिल मारणारा एलेउतेरियो म्हणाला,
भिंत रंगवा, खुशाल रंगवा,
पण उद्या गेट बंद झालं तर माझा पगार ही भिंत देणार का?
नर्स नेलिदा म्हणाली,
आणि तुझ्या पोराच्या रक्तात शिसं निघालं,
ते कुणाच्या पगारात धरायचं?
तो टोपी घेऊन उठला.
कुणी थांबवलं नाही. मीही नाही.
आराखडा गुंडाळत बसलो होतो,
तेवढंच काम हाताला होतं.

ठरलं ते असं:
पाणी सोडून द्यायचं, भिंतीचा चुना तसाच कोरा.
फक्त तळाचे गोटे काढायचे, घरटी एक.
रंग विकत आणायचा नाही.
नदीचाच गाळ उपसला, वाळवला,
नाकाला फडकी बांधून चाळला,
तव्यावर भाजला.
थोडा भाजला की विटकरी,
आणखी भाजला की वांग्याच्या सालीसारखा.
नदीनं निदान एवढं तरी फुकट दिलं.

घरं एकशे सात. गोटे झाले एकशे सहा.
बाराव्या दिवशी सकाळी
कोपऱ्यात, अगदी जमिनीलगत,
एक वाकडा गोटा आणि त्याच्या कडेला
लहान पाच बोटांचे ठसे.
एलेउतेरियो रात्रपाळीवरून आला होता म्हणे.
नेलिदानं यादीत खूण केली. बोलली काही नाही.

विल्बरनं कोऱ्या जागेवर तळवा ठेवला.
हे पाणी गार होतं का?
गार? सातुर्निना म्हणाली,
घोटे बधिर व्हायचे.
मग लोकर धुताना आम्ही शिव्या द्यायचो.
कुणाला?
एकमेकींना.

पुढच्याच महिन्यात नगरपालिकेचे तिघं
शिडी आणि बादल्या घेऊन आले.
सण जवळ आला होता, भिंती स्वच्छ हव्यात.
दुपारपर्यंत सगळं पांढरंफटक.
पोरं माझ्याकडे पाहत होती,
मी चपलांकडे.
सातुर्निना भिंतीपुढे उभी राहिली,
घागऱ्याची कड जराशी उचलून,
उतार शोधताना उचलतात तशी.
म्हणाली, काही नाही.
पाणी वाढलंय. उतरेल.

मी लिमाला परतलो. निळे डबे तिथेच राहिले,
नेलिदा त्यांच्यावर बसून लसीची कार्डं भरते.
काल रात्री तिचा निरोप आला:
चुन्यातून गंज वर यायला लागलाय.
पोरं रोज शाळेआधी मोजतात.
आज चौतीस.
कोपऱ्यातला अजून दिसत नाही.
विल्बर तिथेच बसून आहे.